सातव्या महिन्यातले बाबा

"एकदा का माझ्या प्रोग्रॅमनं दोन कागद जोडले, की ते कुणाच्या बापाला तुटणार नाहीत!"

असं गणित्या सोमवारी सकाळी अकरा वाजता, आरोग्य खात्याच्या सभागृहात, छाती पुढं काढून म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाजवणाऱ्यांना काय माहीत, गुरुवारी दुपारी तो बाप कुणाचा निघणार ते!

आता हा गणित्या कोण, ते आधी सांगतो. लहानपणी पोरगं पाढे उलटे म्हणायचं. तापात बडबडलं तरी पाढेच. म्हणून गल्लीनं नाव ठेवलं गणित्या. चाळिशी आली, डोक्यावरचे केस गेले, नाव काही गेलं नाही. आरोग्य खात्यात डेटा सायंटिस्ट म्हणून लागला. त्याची आई शेजारणींना कौतुकानं सांगायची, "शास्त्रज्ञ आहे तो. पण नळ्या-बाटल्या काही नाहीत हो, नुसता लॅपटॉप." शेजारणी विचारायच्या, "मग शास्त्र करतो कुठं?" आई म्हणायची, "मांडीवर."

त्याचं काम तसं समजायला सोपं. तुम्ही दवाखान्यात जाता, तिथं तुमचा एक कागद होतो. दात काढता, दुसरा होतो. रक्त तपासता, तिसरा. लस घेता, चौथा. माणूस एक आणि कागद पन्नास, आणि एका कागदाला दुसऱ्याची ओळख नाही. एका घरात राहून अबोला धरलेल्या भावंडांसारखे! गणित्याचं काम म्हणजे हे सगळे कागद एका माणसाखाली गोळा करायचे. म्हणजे डोळ्याच्या डॉक्टरला कळतं की याला साखर आहे, आणि साखरेच्या डॉक्टरला कळतं की याचा डोळा गेलाय.

पण कोणता कागद कुणाचा, हे ओळखायचं कसं? गणित्यानं मार्क ठेवले होते. फोन नंबर जुळला, चाळीस मार्क. जन्मतारीख जुळली, तीस. दवाखाना एकच, वीस. नाव जुळलं तर दहा. ऐंशीच्या वर गेला की तो तोच माणूस. जोडून टाका!

त्याच्या शेजारच्या टेबलावर एक मुलगी बसायची. तिला सगळे शंका म्हणायचे, कारण तिला लिफ्टमध्ये शिरतानाही शंका यायची.

"नावाला दहाच मार्क?" शंकेनं विचारलं होतं.

"अगं, जुन्या दवाखान्यांतली नावं बघितलीस का? कुणी 'शिंपीण' लिहिलंय, कुणी 'मोठी सून'! नावाचं काय घेऊन बसलीस? आकडा खोटं बोलत नाही."

"आणि जन्मवर्षात दहा वर्षांची सूट कशाला?"

"लोक वय चोरतात."

"बाई का पुरुष, ते बघतच नाही तुझा प्रोग्रॅम!"

"तो रकाना अर्ध्या ठिकाणी कोरा आहे. बघून काय करू?"

"मला शंका आहे," शंका म्हणाली.

"ती तुला कधी नसते?" गणित्या म्हणाला, आणि वरून एक कुलूपही घातलं त्यानं. एकदा जोडलेली साखळी कुणी उगाच तोडू नये म्हणून. खात्याच्या मोठ्या बाईंनी सोमवारी बटण दाबलं आणि सिस्टिम सगळ्या दवाखान्यांत सुरू झाली.

मंगळवारी सकाळी गणित्याच्या बाबांचा फोन वाजला.

बाबा म्हणजे एकोणसत्तर वर्षांचे. तीस वर्षं गल्लीतल्या दवाखान्याच्या खिडकीत बसून पेशंटची नावनोंदणी केली. नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी त्यांनी सांगितलंच नाही कुणाला. मग एक दिवस ब्रशवर सांधेदुखीचं मलम घेऊन दात घासले, तेव्हा घरात कळलं. खुंटीवरच्या कोटाला "या, बसा" म्हणायचे. चार वर्षांची नात, छोटी, तिला तर सवयच झाली होती. आजोबांच्या नाकाला नाक लावायची आणि म्हणायची, "आजोबा, मी आहे." एकदा तिनं चित्र काढून आणलं. बाबा म्हणाले, "वा! काय हत्ती काढलाय!" पोरीनं भोकाड पसरलं. ते आजोबांचं चित्र होतं.

तर ऑपरेशनची तारीख गुरुवारची मिळालेली. मिळवायला आठ महिने लागले! डोळ्यांचे मोठे डॉक्टर दुसऱ्या शहरातून यायचे आणि संध्याकाळी पाचला निघून जायचे. तारीख हुकली तर पुढची पाच महिन्यांनी. घरात त्या गुरुवारची वाट बघणं चाललं होतं. छोटीनं नवीन चित्र काढून उशीखाली ठेवलं होतं. या वेळी आजोबांना विचारावं लागणार नव्हतं, काय काढलंय ते.

फोन वाजला. बाबांना वाचता येईना. आई चष्मा लावून वाचायला लागली.

"आरोग्य खात्यातर्फे अभिनंदन! आपल्याला सातवा महिना लागला आहे. जड वस्तू उचलू नका. तपासणीस अवश्य यावे."

आईनं चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत वाचलं.

"अहो," आई म्हणाली. आवाज असा, की भिंतीवरची पालसुद्धा थांबली. "कोण आहे ती?"

"कोण ती?"

"जिला सातवा लागलाय, ती! तिनं तुमचा नंबर कसा दिला?"

"अगं, मी बरेच जणांना देत होतो माझा नंबर."

"बरेच जणांना!" आई मटकन खाली बसली.

आता यात बाबांचं काही चुकलं नव्हतं, ते खरंच बोलत होते. पण खरं बोलायलासुद्धा वेळ बघावी लागते. त्या दिवशी बाबांना चहा मिळाला तो बिनसाखरेचा, आणि बशी आपटून.

संध्याकाळी गणित्या आला. कॉलर अजून ताठच होती. आईनं फोन पुढं केला.

"जाहिरात असेल. डिलीट कर."

"अरे, आरोग्य खात्याचं आहे! तुझंच खातं ना ते?"

"आई, आमच्या खात्याकडून चुकीचा मेसेज जाऊच शकत नाही. सोमवारपासून तर नाहीच नाही!"

बुधवारी सकाळी दारात सिस्टर उभी. निळा पदर, खांद्याला पिशवी, हातात वजनकाटा.

"पेशंट कुठाय?"

"हे काय," आईनं बाबांकडं बोट केलं.

सिस्टरनं बाबांकडं बघितलं. यादीकडं बघितलं. परत बाबांकडं बघितलं. "काका, मला सातव्या महिन्यातल्या बाईंना भेटायचंय."

"या घरात बाई म्हणजे ही आणि सून. सून कामावर गेलीय, आणि तिला काही नाही. हिचं वय सहासष्ट."

आई म्हणाली, "बघा, सिस्टरलासुद्धा माहितीये!"

सिस्टर बिचारी दमलेली होती. सोमवारपासून तिची यादी दुप्पट झाली होती. "हे बघा काका, यादीत तुमचा पत्ता आहे. मी वजन न करता गेले तर वरून मला ओरडा बसतो. राहा उभे काट्यावर."

बाबा राहिले उभे. तीस वर्षं खात्यात काढलेला माणूस, खात्यानं काट्यावर चढ म्हटलं की चढणार. सिस्टरनं लिहिलं, एकाहत्तर किलो. लोहाच्या गोळ्यांची पाकिटं दिली. "रोज एक, जेवल्यावर. आणि डाव्या कुशीवर झोपायचं."

बाबांनी गोळी घेतली! आणि रात्री डाव्या कुशीवर झोपलेसुद्धा. आईला म्हणाले, "खात्यानं दिलीय म्हणजे काहीतरी विचार करूनच दिली असेल." आई भिंतीकडं तोंड करून झोपली होती. ती उजव्या कुशीवर.

आणि मग आला गुरुवार.

दुपारी दोनला तिघं हॉस्पिटलात पोचले. गणित्यानं अर्धी रजा टाकलेली. लॅपटॉप बरोबर होताच, तो त्याच्याशिवाय हिंडत नाही. काउंटरमागं एक ताई बसलेल्या. नाकावर चष्मा, एका हातात शिक्का, दुसऱ्या हातात अर्धी खाल्लेली बिस्किटं. बाबांचा नंबर त्यांनी कॉम्प्युटरवर घातला आणि बिस्किट तसंच तोंडात राहिलं.

"हे पेशंट वारलेत," ताई म्हणाल्या.

"कधी?" बाबांनी विचारलं.

"दोन वर्षं झाली. मार्चमध्ये."

बाबा आईकडं वळले. "आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"थट्टा करू नका," ताई म्हणाल्या. "नवीन सिस्टिम आहे. मयत माणसाचं ऑपरेशन करता येत नाही. हे बघा, लाल आलंय. आणि समजा केलंच, तरी तुम्हाला बाळंतपणाच्या डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. सातवा महिना आहे तुमचा."

"काल गोळ्या सुरू केल्यात," बाबा म्हणाले.

गणित्या काउंटरवर वाकला. "ताई, जरा स्क्रीन इकडं वळवता?"

ताईंनी वळवली. बाबांच्या नावाखाली कागद लागलेले, एकाखाली एक, एकाखाली एक, सरकवता सरकवता बोट दुखावं इतके! मोडलेले पाय पाच. अपेंडिक्स तीन वेळा काढलेलं. कुत्रं चावलेलं नऊदा. रक्तगट चार. वजन कधी अठ्ठेचाळीस, कधी एकशे बारा. आणि बत्तीस दातांपैकी एकूण एक्केचाळीस काढलेले!

"मला सांगा," ताई शिक्का आपटत म्हणाल्या, "कुठल्या गाढवानं बनवलंय हे? सोमवारपासून डोकं उठलंय माझं! समोर आला ना, तर कपाळावर शिक्का मारीन!"

गणित्या बुटांकडं बघायला लागला.

"आमच्या मुलानंच बनवलंय!" आईनं अभिमानानं सांगितलं. "हा काय!"

ताईंनी शिक्का उचलला, पण गणित्याचा चेहरा बघून परत ठेवला. म्हणाल्या, "चारचा नंबर आहे यांचा. पावणेचारपर्यंत रेकॉर्ड साफ करून आणा. नाहीतर मी पुढचा पेशंट घेणार. डॉक्टर पाचनंतर एक मिनिट थांबत नाहीत."

घड्याळात सव्वादोन.

गणित्या बाकड्यावर बसला, लॅपटॉप मांडीवर. साखळी उघडली आणि बघतो तर काय! त्रेसष्ट माणसं एकमेकांना चिकटलेली. त्रेसष्ट जणांचा फोन नंबर एकच. त्रेसष्ट जणांची जन्मतारीख एकच, एक जानेवारी! वर्षं वेगळी होती, पण दहा वर्षांची सूट गणित्यानंच दिलेली. मग एकोणसत्तरवाला साठवाल्याला चिकटला, साठवाला बावन्नवाल्याला, बावन्नवाला पंचेचाळीसवाल्याला, असं करत करत रांग थेट तेहतीस वर्षांच्या बाईपर्यंत! फुगडीत हातात हात धरावा तशी.

"बाबा," गणित्या हळूच म्हणाला, "हा नंबर तुमचा आहे."

"असणारच. माझाच आहे तो."

"तो त्रेसष्ट जणांच्या नावावर कसा?"

"मीच टाकला." बाबा शांत. "दवाखान्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्यात फोनच्या रकान्याला लाल चांदणी होती. नंबर टाकल्याशिवाय फॉर्म पुढं जाईना. लोकांकडं कुठं होते फोन तेव्हा? खिडकीबाहेर बाई उभी, कडेवर तापानं फणफणलेलं पोर. तिला काय सांगू, आधी फोन घेऊन ये? टाकला माझा."

"आणि एक जानेवारी?"

"जन्मतारीख विचारली की लोक म्हणायचे, 'असेल की कधीतरी.' आता 'कधीतरी' तर कॉम्प्युटर घेत नाही. माझीसुद्धा तीच आहे. माझ्या आईला एवढंच आठवायचं, की त्या दिवशी थंडी होती."

"अहो, पण मग दवाखान्यातून कुणाला काही कळवायचं असलं तर?" आईनं विचारलं.

"यायचा ना फोन मला! सायकल काढायची, जाऊन सांगायचं, तुझा रिपोर्ट आलाय, तुझ्या पोराची लस राहिलीय. तू नाही का ओरडायचीस, जेवण सोडून कुठं चाललात म्हणून?"

आईला आठवलं. बाबांच्या कोटाची कॉलर तिनं उगाचच सरळ केली.

गणित्यानं शंकेला फोन लावला. "शंके, एक नोंद साखळीतून सोडव. ताबडतोब!"

"एक नाही सुटत," पलीकडून शंका. "तुझंच कुलूप आहे. एकाला सोडवायचं तर साखळीतल्या प्रत्येकाची ओळख पटवायची. कोण, कुठं राहतो, ते ओळखणारा माणूस पाहिजे. तू भरायचं, मी इथून मंजूर करायचं. त्रेसष्टच्या त्रेसष्ट." मग जरा थांबून म्हणाली, "कुणाच्या बापाला तुटणार नाही, असं काहीतरी म्हणाला होतास ना रे?"

"माझाच बाप आहे तो!" गणित्या ओरडला. सगळा कॉरिडॉर वळून बघायला लागला.

"बरं बरं," शंकेचा आवाज एकदम बदलला. "आधी तो नंबर मी बाद करते, म्हणजे बाबांना भलते निरोप यायचे नाहीत. आणि एकदा ओळख पटली, की प्रोग्रॅम परत चिकटवत नाही. चल, सुरू कर."

त्रेसष्ट माणसं, दीड तास, आणि नावाच्या जागी 'मोठी सून'! गणित्यानं डोकं धरलं. एवढं गणित शिकला, पण 'मोठी सून' कुणाची, हे कुठल्या पाढ्यात बसतं?

"वाच," बाबा म्हणाले.

"काय वाचू?"

"नोंद वाच. कोण ते मी सांगतो."

"बाबा, पंधरा वर्षांपूर्वीचं आहे हे."

"मग? माणसं काय दर वर्षी बदलतात?"

गणित्यानं घसा खाकरला. "नोंद पहिली. 'मोठी सून.' अपेंडिक्स..."

"हळू!" बाबांनी त्याच्या गुडघ्यावर चापट मारली. "आजार मोठ्यानं वाचायचा नाही. तीस वर्षं बसलो, कुणाचा आजार खिडकीबाहेर गेला नाही. नुसतं वर्ष सांग आणि काय लिहिलंय ते कानात सांग."

मग ते दोघं डोकं डोक्याला लावून बसले. गणित्या कुजबुजायचा, बाबा मिटल्यासारख्या डोळ्यांनी छताकडं बघायचे आणि पटकन सांगायचे.

"पाण्याच्या टाकीशेजारी राहतात, त्यांची थोरली. नवरा रंगारी. पुढं."

"'काका, उंच.'"

"टपालवाला. जिन्यावरून पडला होता. पुढं."

"'काका, उंच, दुसरा.'"

"टपालवाल्याचा भाऊ. त्याला उचलायला गेला आणि तोही पडला. पुढं!"

"हा एकशे बारा किलोवाला?"

"न्हावी. आता शहाण्णव आहे. चालायला जातो."

आई घड्याळाकडं बघून आकडे सांगायची. "वीस झाले... पावणेतीन... एकोणतीस झाले." काउंटरवरच्या ताई मान वर करून बघायला लागल्या. थोड्या वेळानं त्यांनी बिस्किटांचा पुडा आईच्या हातात आणून दिला आणि न बोलता परत जाऊन बसल्या. पलीकडून शंका 'मंजूर', 'मंजूर', 'मंजूर' म्हणत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला एकही शंका येत नव्हती.

मध्येच गणित्या थांबला. "बाबा... मार्चमधली. दोन वर्षांपूर्वीची."

बाबांनी छताकडची नजर खाली घेतली.

"घड्याळजी," मग म्हणाले. "कोपऱ्यावर दुकान होतं. रोज संध्याकाळी माझ्या खिडकीत येऊन बसायचा. माझ्यासमोरच गेला." नाक पुसलं त्यांनी. "ते माझं नाही. त्याचं त्याला परत दे."

गणित्यानं सावकाश बटण दाबलं. स्क्रीनवरचा लाल रंग निम्मा गेला.

"आणि ही सातव्या महिन्यातली?"

"वर्ष काय? हां! ती बेकरीच्या मागं, तिसरं घर. शिंप्याची मुलगी. दोन वेण्या घालून यायची, सुई बघितली की टेबलाखाली लपायची. तिला सातवा?" बाबांचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. "अरे, मग तपासणीचा निरोप माझ्याकडं आला! आणि मी पोचवला नाही!"

"शिंप्याची होय?" आई म्हणाली. दोन दिवसांत पहिल्यांदा हसली ती. "मी जाते संध्याकाळी सांगायला. गोळ्यासुद्धा तिच्याच आहेत, देऊन येते."

"एक मी खाल्लीय म्हणून सांग."

साडेतीन झाले. सहाशे वाटाव्यात अशा त्या त्रेसष्ट नोंदी संपल्या. गणित्यानं शेवटचं बटण दाबलं.

फॉर्म पुढं जाईना.

फोनच्या रकान्यासमोर लाल चांदणी! एक नाही, त्रेसष्ट! जुना नंबर शंकेनं बाद केलेला, आणि नवीन टाकल्याशिवाय सिस्टिम ढिम्म.

"शंके, ही चांदणी काढ!"

"मला नाही काढता येत. तूच सक्तीची केलीयस. मोठ्या बाईंची सही लागेल, आणि त्या मीटिंगमध्ये आहेत पाचपर्यंत."

तीन पस्तीस. काउंटरवरून ताई ओरडल्या, "दहा मिनिटं! पुढचे पेशंट आलेत!"

बाबा बाकड्यावर बसले होते. नजर कुठंतरी भिंतीवर. "काय झालं रे? पुढं जात नाही का फॉर्म?"

"नाही जात, बाबा."

"हं," बाबा म्हणाले. त्या 'हं'मध्ये तीस वर्षांची खिडकी होती.

गणित्यानं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. 'उद्या सकाळी सगळं नीट करू,' असं मनाशी म्हणाला. आणि दहा आकडे टाकले. एकदा टाकले, दुसऱ्यांदा टाकले, त्रेसष्ट वेळा टाकले. फॉर्म लोण्यासारखा पुढं सरकला.

तीन चव्वेचाळीसला काउंटरवरचा लाल रंग गेला. ताईंनी शिक्का मारला, कागदावर. "जा काका! जिवंत झालात! आणि मोकळेसुद्धा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली. बाबांनी आधी आईकडं बघितलं.

"तू होतीस तशीच आहेस की!"

"खोटं बोलायला लागले," आई म्हणाली. "म्हणजे बरा झाला डोळा."

मग गणित्याकडं बघितलं, आणि दचकले. "अरे, तुझे केस कुठं गेले?"

छोटी उशीखालचं चित्र घेऊन आली. नाकाला नाक लावायला निघाली, तर बाबांनी तिला हातभर अंतरावर उभं केलं आणि नुसते बघत राहिले. बराच वेळ. पोरगी कंटाळली. "आजोबा, चित्र बघा ना!"

बाबांनी चित्र घेतलं. नीट बघितलं. "हा मी आहे."

"नाही," छोटी म्हणाली. "हत्ती आहे."

असो. महिना गेला. मोठ्या बाईंनी गणित्याला झाप झाप झापलं आणि मग प्रोग्रॅम सुधारायला सांगितलं. आता नावाला चाळीस मार्क, बाई-पुरुष बघायचं, वयाची सूट बंद, साखळी पाच जणांच्या वर गेली की माणसानं तपासायची. शंकेला बढती मिळाली. आणि गणित्यानं त्याच सभागृहात परत भाषण ठोकलं. "जुन्या काळी काही कर्मचारी भलत्याच माणसाच्या नावावर स्वतःचा नंबर टाकायचे! हा बेजबाबदारपणा इथून पुढं चालणार नाही!" परत टाळ्या. घरी आला तो परत कॉलर ताठ. 'उद्या सकाळी नीट करू' म्हणाला होता, त्या उद्याला तीस दिवस होऊन गेले होते, हे काही त्याच्या लक्षात नव्हतं.

सगळे चहाला बसले होते. गणित्याचा फोन वाजला. त्याचे हात ओले होते, म्हणून बायकोनं उचलून मेसेज वाचला.

"आरोग्य खात्यातर्फे अभिनंदन! आपल्याला आठवा महिना लागला आहे."

बायकोनं कप खाली ठेवला. "काय रे? कोण आहे ती?"

गणित्याच्या घशात चहा अडकला. तेवढ्यात फोन परत वाजला. "आपल्या दातांच्या कवळीचे माप घेण्यास यावे." परत वाजला. "कुत्रे चावल्याची तिसरी सुई बाकी आहे." परत. परत! टेबलावर तो फोन उलट्या पडलेल्या भुंग्यासारखा गरगरायला लागला.

बाबा उठले. सावकाश आले, मुलाच्या खांद्यावरून वाकले आणि नव्या डोळ्यानं सगळे मेसेज एक एक करून वाचले. हसले नाहीत. फक्त मिशी जरा हलली.

"बेकरीच्या मागं, तिसरं घर," ते म्हणाले. "मग कवळीवाला, तो रंगाऱ्याच्या समोर. सुईचं आधी सांग, ते राहता कामा नये. सायकल जिन्याखाली आहे."

गणित्या मुकाट्यानं चपला घालायला लागला.

"आणि मागच्या चाकात हवा भर आधी," बाबांनी वरून सांगितलं. "त्रेसष्ट घरं आहेत."